पळवाट

फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या त्रयीचा शेवट मी कित्येक वर्षं मनातल्या मनात दुरुस्त करत होतो. 2000 साली आलेल्या 'द ॲम्बर स्पायग्लास' या तिसऱ्या भागात लायरा आणि विल या दोन वेगळ्या जगांतल्या मुलांना एकमेकांवरचं प्रेम उमगतं आणि लगेच कायमचं वेगळं व्हावं लागतं. ती तिच्या जगातल्या ऑक्सफर्डला, तो त्याच्या. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी भर दुपारी, आपापल्या जगातल्या बोटॅनिक गार्डनमध्ये त्याच बाकावर येऊन बसायचं, एवढंच उरतं.

मला हा लेखकाचा दुष्टपणा वाटायचा. जगाजगांमध्ये खिडकी कापणारी सुरी त्यानेच दिली. उघड्या खिडकीतून 'डस्ट', म्हणजे जाणिवेचं सत्त्वच, गळून जातं हा नियम त्याचाच. परक्या जगात माणूस दहाएक वर्षांत खंगून मरतो, हाही त्याचाच. मग मुलांना रडवून नियमांकडे कसलं बोट दाखवतोस? मुलांच्या पुस्तकाला पहिल्यांदाच व्हिटब्रेड पुरस्कारांतला 'वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक' हा मान मिळाला, तो याच भागाला. तेव्हा तर मी आणखी चिडलो. खरं म्हणजे मला सगळं सुफळ संपूर्ण हवं होतं. तसं कबूल करायची लाज वाटे, म्हणून तर्क लढवत होतो.

पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तेही लेखकाला पकडायला. नियम आयत्या वेळी आणलेला नव्हता. परक्या जगात राहून खंगलेला विलचा बाप दुसऱ्या भागातच भेटतो. तरी मी हट्टाने पळवाट शोधत राहिलो. ती सापडली, आणि माझीच बाजू कोसळली.

पळवाट पुलमननेच ठेवलेली आहे. झाफानिया ही देवदूत सांगते, की माणसं प्रेमाने, कुतूहलाने जगली तर एका खिडकीपुरती गळती भरून निघेल. एक खिडकी उघडी ठेवता येईल! दोघांच्या जिवात जीव येतो. पण मृतांच्या जगातून बाहेर पडायची वाटही खिडकीच आहे, आणि तिथल्या छायांना सुटकेचा शब्द लायराने स्वतः दिलेला आहे. आपली खिडकी की त्यांची? कोणी हुकूम सोडत नाही. उत्तर काय ते दोघांना कळतं, आणि ते आपली खिडकी मृतांना देऊन टाकतात.

रडण्याच्या घाईत हे पान मी नीट वाचलंच नव्हतं. मुलांची बाजू घेतो म्हणता म्हणता त्यांचा निर्णय मी लेखकाच्या नावावर टाकला होता. मोठी माणसं नेहमी करतात तेच: मुलांना दुःख झालं हे मला दिसलं, त्यांनी ते पत्करलं हे दिसलं नाही. लायराची ॲलेथिओमीटर, म्हणजे सत्य सांगणारं यंत्र, सहज वाचण्याची देणगी जाते, तीही मला लूटच वाटायची. तीच विद्या लायरा अभ्यासाने परत मिळवायला निघते, हे आता दिसतं.

शेवट मला आजही आवडत नाही. पण तो बदलायला मी कोण?