हळदीवरचा फोटो

ती. आत्यास,



मोबाईल हातात असताना मी शाळेतल्या पोरांना घेऊन पत्र्याच्या डब्यांना भोकं कशाला पाडत बसतो, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. शिवाय या विद्येतला निम्मा भाग मला तुझ्याकडूनच शिकायचा आहे.

डबा आतून काळा रंगवायचा. एका बाजूला पातळ पत्रा बसवून त्याला सुईच्या टोकाने छिद्र पाडायचं. डबा दहा सेंटिमीटर खोल असेल तर छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचं. याहून मोठं झालं तर चित्र पुसट येतं, आणि फार बारीक झालं तरी पुसटच, कारण प्रकाश छिद्राच्या कडेला वळून पसरतो. समोरच्या बाजूला आतून फोटोचा कागद लावायचा. भिंग नाही, बॅटरी नाही. छिद्रावरची काळी पट्टी काढायची आणि आपल्या तीर्थपुरीच्या उन्हात मिनिटभर डबा हलू द्यायचा नाही.

त्या मिनिटात काय होतं बघ. बाजाराच्या रस्त्यावरून मोटारसायकली जातात, गिऱ्हाईकं येतात-जातात, आणि कागदावर त्यातलं काहीच उमटत नाही. येते ती पाल टाकून बसलेली भाजीवाली, जरा अस्पष्ट, पण ठाम बसलेली. पोरं विचारतात, बाकीचे कुठं गेले? एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी हे डबे करत राहीन.

डब्याशिवाय, नुसत्या उन्हानेही आम्ही चित्रं छापतो; ती छपाई करताना मात्र तुझी फार आठवण येते. पिवळा डाग पडलेलं लुगडं धुऊन तू मुद्दाम उन्हात टाकायचीस. ऊन हळद खातं, म्हणायचीस. आम्ही तेच करतो. हळद स्पिरिटमध्ये कालवून, फडक्यातून गाळून, अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायची. वाळली की वर पिंपळपान, त्यावर काच, आणि कागद काही तास उन्हात. पानाखालची हळद तेवढी शाबूत राहते. मग टाकणखाराचं पाणी फिरवलं की ती लालसर तपकिरी होते आणि शिरा-देठासकट पान वर येतं. हळदीवर खार घालून कुंकू करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलने १८४२ साली फुलापानांच्या रसांवर असे प्रयोग केले, म्हणून फोटोग्राफीच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. तुमचं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्याच वर्षी त्याने लोखंडाच्या क्षारांवरची निळी छपाईही शोधली, सायनोटाइप. पुढे इमारतींचे निळे नकाशे याच रीतीने निघाले. ती करायला सोपी: दोन क्षारांचं पाणी कागदाला लावायचं, उन्हात ठेवायचं, साध्या पाण्यात धुवायचं. पाणी अल्कधर्मी असेल तर मात्र निळा रंग उतरतो, म्हणून बोअरच्या पाण्यात आम्ही लिंबू पिळतो.

ही परदेशी हौस आहे असं समजू नकोस. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा आपले डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. आपल्या मराठवाड्यात मेजर रॉबर्ट गिलने अजिंठ्याची लेणी टिपली. त्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली निघालं. तेव्हाचे फोटो अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर, चांदीच्या क्षारांत, उन्हातच छापत. हल्ली गोव्यात काही मंडळी या जुन्या रीती पुन्हा शिकवतात. आपल्याकडे तर ऊन पैशाला पासरी!

हळदीचा फोटो कायम टिकवता येत नाही, ही अडचण आहेच. भिंतीवर लावला की हळूहळू उडून जातो, म्हणून आम्ही तो वहीत झाकून ठेवतो. पोरांना त्याची खंत वाटते. मला वाटतं, खाराचं प्रमाण बदलून निदान रंग तरी अधिक गडद करता येईल.

तेव्हा दोन गोष्टी कळव. तुझ्या सासरी कुंकू करत तेव्हा हळकुंडाला खार किती लावत, आणि लिंबाचा रस आधी घालत की नंतर? जमलं तर एप्रिलात येच. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस पाळतात. पोरांना तुझा फोटो काढायचा आहे. मिनिटभर न हलता बसावं लागेल.

तुझा भाचा