दंडाचा दंड

खांद्यापासून कोपरापर्यंतच्या अवयवाला आणि अपराधाबद्दल भराव्या लागणाऱ्या रकमेला मराठीत एकच शब्द असावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. आखाड्यात मल्ल दंड थोपटतो आणि न्यायालयात न्यायाधीश दंड ठोठावतो. एरवी या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? परंतु पन्नाशी उलटल्यावर माझ्या घरात रक्तदाबाची विचारपूस सुरू झाली, आणि तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की, ज्याचा दंड जाड, त्याला दंड हा भरावाच लागतो.

जाड दंड ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट आहे. जमीनजुमला गेला, वाडा गेला, दंड मात्र राहिले. आमच्या आजीच्या वाक्या घडवण्यापूर्वी सोनार दोऱ्याने तिच्या दंडाचे माप घेऊन जाई. कासार तिचा हात हळूच दाबून पाही आणि मग पेटीतून नेमक्या मापाच्या बांगड्या काढी. शिंपी तर गळ्यात फीत अडकवूनच दारात उभा राही. या तिघांपैकी एकानेही ‘आजीबाई, माझ्याजवळचा माल एकाच मापाचा आहे, तेव्हा हात तेवढा बारीक करून या,’ असे म्हटल्याचे आमच्या घरात कोणाच्या ऐकिवात नाही.

हे म्हणण्याचे धाडस प्रथम केले ते एका दवाखान्याने. तेथील रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाभोवती कसाबसा पोहोचला. हवा भरताच त्याची चिकटपट्टी चरचर आवाज करीत सुटली. दुसऱ्या खेपेस परिचारिकेने तो हाताने दाबून धरला आणि आकडा आला १६२ वर ९८. त्या आकड्याबरोबर मला तूप, बटाटे व आळस यांवरील एक छोटेसे प्रवचनही ऐकायला मिळाले. आठच दिवसांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी कपाटातून रुंद पट्टा काढला, पाच मिनिटे मला स्वस्थ बसवले, आणि त्याच दंडाने १४२ वर ८८ असा जबाब दिला. दंड तोच, रक्त तेच, बटाटेही तेच. बदलला होता तो पट्टा आणि तो बांधणाऱ्याचा धीर.

असे का व्हावे? पाण्याची रबरी नळी गादीत गुंडाळली आहे अशी कल्पना करा. ती वरून एका बोटाने दाबून पाणी थांबवू म्हणाल, तर बोटाचा बहुतेक जोर कापसातच जिरेल. तेच काम तळहाताने अथवा फळीने सहज होईल. पट्टा अरुंद व आखूड असला म्हणजे त्याचा दाब खोलवरच्या रोहिणीपर्यंत पुरता पोहोचत नाही. ती बंद करण्यासाठी पट्ट्यात अधिक हवा भरावी लागते, आणि ही अधिक हवा रक्ताच्या नावावर मांडली जाते.

विशेष हे की, हा दोष काही काल-परवा उमगलेला नाही. १८९६ साली इटलीतील तुरीन येथे शिपिओने रीवा-रोच्ची या वैद्याने दंडाला बांधायच्या पट्ट्याचे आपले यंत्र प्रसिद्ध केले. त्यातील पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. पुढे पाचच वर्षांनी, १९०१ मध्ये, हाइनरिख फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, असा अरुंद पट्टा आकडा फुगवून सांगतो; पट्टा रुंद हवा. म्हणजे स्टेथॉस्कोप लावून ठोके ऐकण्याची निकोलाय कोरोत्कोव यांची रीत १९०५ साली निघाली, त्याच्याही आधी हा दोष कळलेला होता. शतक उलटले, यंत्रातील पारा गेला, वीज आली, आकडे आपोआप उमटू लागले, परंतु पुष्कळ दवाखान्यांतून आजही सर्वांच्या दंडाला एकच पट्टा बांधतात.

याची किंमत किती, तेही मोजले गेले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा, त्यांना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा आकडा सरासरीने १९.५ मिलिमीटर अधिक आला. ज्यांना केवळ मोठा हवा, त्यांच्या बाबतीत ४.८ अधिक. उलट, लहान पट्टा हवा असणाऱ्या कृश माणसांचा आकडा ३.६ ने कमी दिसला. एका बाजूला निष्कारण वाढवलेली गोळी, तिच्यामुळे उठताना येणारी भोवळ आणि न्हाणीघरात पडणारा म्हातारा. दुसऱ्या बाजूला ‘सारे ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलेला रोगी. मापात पाप झाले की ते दोन्ही बाजूंनी बाधते.

सुदैवाने या पापावरचा उतारा घरच्या शिवणाच्या डब्यातच असतो. शिंप्याची फीत घ्यावी. खांद्याचे हाड व कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, दंडाचा घेर मोजावा. साधारणपणे २७ ते ३४ सेंटिमीटर घेरास नेहमीचा पट्टा, ३५ ते ४४ ला मोठा आणि त्यापुढे ५२ पर्यंत अतिमोठा, अशी वाटणी आहे. तथापि प्रत्येक पट्ट्यावर त्याची मर्यादा छापलेली असते, तीच प्रमाण मानावी. आतील फुगणाऱ्या पिशवीची लांबी घेराच्या शेकडा ८० व रुंदी शेकडा ४० असावी, असा नियम आहे. माझा घेर ४१ भरला! पट्टा मात्र त्याच यंत्राचा घ्यावा. ही यंत्रे पट्ट्यातील स्पंदनांवरून आपापल्या गणिताने आकडा काढतात. एकाच्या यंत्राला दुसऱ्याचा पट्टा जोडणे म्हणजे एकाची तागडी आणि दुसऱ्याची वजने.

यातही एक अडचण उरते. जाड दंड बहुधा खांद्याशी रुंद आणि कोपराशी निमुळता असतो. त्यावर सरळ पट्टी गुंडाळली की खालची कड उघडी राहते. यासाठी निमुळते पट्टेही तयार होतात. तेही न जमल्यास मनगटावरचे यंत्र वापरता येते. परंतु मनगट हृदयाच्या पातळीवरच धरले पाहिजे. ते दहा सेंटिमीटर खाली गेले तर आकडा सात-आठ मिलिमीटरांनी चढतो. असे यंत्र एकदा डॉक्टरांच्या योग्य पट्ट्याशी ताडून घेतलेले बरे.

बाकीचा विधी एखाद्या व्रतासारखा आहे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य, लघुशंका उरकलेली, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, मांडी घातलेली नाही, दंड उघडा, कारण वर सारलेली बाहीच फास होऊन बसते, हात मेजावर, हृदयाच्या उंचीला. पाच मिनिटे शांत बसावे, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत व बाकीच्यांची सरासरी काढावी. या व्रतातील सर्वांत कठीण नियम मौनाचा. पट्टा फुगू लागला की स्वयंपाकघरातून ‘अहो, किती आला?’ असा प्रश्न हटकून येतो, आणि त्याला उत्तर दिले की आकडा चढतो. आमच्या घरात आता त्या वेळी मी फक्त बोट वर करतो.

अशा सात दिवसांची माझी सरासरी १३८ वर ८६ निघाली. घरच्या मापात १३५ वर ८५ हा उंबरठा मानतात, तेव्हा मी त्याच्या किंचित पलीकडे आहे. योग्य पट्ट्याने माझी खुशामत केली नाही. एक गोळी मी नेमाने घेतो आणि तूप बेताने वाढतो. परंतु दवाखान्यातील त्या दिवशी मी जो हिरमुसून परतलो, तसा आता होत नाही. त्या दिवशीचा आकडा माझ्या शरीराबद्दलचा पूर्वग्रह होता. हा आकडा माझ्या शरीराबद्दलची माहिती आहे. पूर्वग्रहापुढे माणूस एक तर खचतो किंवा चिडतो आणि दवाखान्याची पायरीच चढेनासा होतो. माझ्या ओळखीची जाड माणसे अशी कितीतरी वर्षे डॉक्टरांना चुकवीत आली आहेत, आणि त्यांतील काहींचा रोग खरोखरीचा आहे. माहितीशी मात्र कोणालाही संसार करता येतो.

म्हणून मोठ्या दंडाच्या माझ्या बंधुभगिनींना एवढेच सांगावेसे वाटते की, पट्टा आवळू लागला तर संकोच न करता मोठा पट्टा मागावा. कासाराकडे मोठी बांगडी मागताना आजीला कधी लाज वाटली नव्हती. दोष असेल त्याचा दंड भरायला आपली ना नाही. फक्त तो ठोठावण्यापूर्वी दंडाचे माप घेतलेले असावे.