गुणगुणणाऱ्या तबकड्या : हार्ड डिस्कच्या आवाजाचा एक घरगुती इतिहास

१/१० इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी डोळ्यांसमोर येतात. आजचा थ्रेड मात्र एका आवाजाविषयी आहे : घरच्या संगणकातील हार्ड डिस्कच्या घरघरीविषयी. ती शमवण्यासाठी अभियंत्यांनी कित्येक वर्षे खर्ची घातली. मी एक उन्हाळा घातला.

२/१० साल २००३. लालबागच्या चाळीतील आमच्या खोलीत वापरलेला, जुना संगणक आला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या आठवणी आजी सांगत असे. त्या मी ध्वनिमुद्रित करू लागलो. ऐकून पाहिले, तर तिच्या खालच्या पट्टीतील आवाजामागे एक अखंड गुणगुण! आजी हसून म्हणाली, “सगळ्या गिरण्या बंद झाल्या, तुझी तेवढी चालू आहे.”

३/१० या गुणगुणीचे मूळ १९५६ मध्ये आहे. त्या वर्षी आयबीएमने ‘रॅमॅक’ या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, साठवण ५० लाख अक्षरांची. हे अवजड धूड कार्यालयाच्या स्वतंत्र दालनात असे. त्याच्या आवाजाने कोणाची झोपमोड होण्याचा प्रश्नच नव्हता.

४/१० १९८० मध्ये सीगेटची ५ मेगाबाइटची ‘एसटी-५०६’ ही ५.२५ इंची डिस्क आली आणि हे यंत्र टेबलावर येण्याची वाट मोकळी झाली. पुढे वेगाची चढाओढ लागली : १९९२ मध्ये ‘बॅराकुडा’ मिनिटाला ७२०० फेरे, १९९६ मध्ये ‘चीता’ १०,००० फेरे. वेगासोबत आवाजही चढत गेला.

५/१० नीट कान दिला, तर या आवाजाचे दोन प्रकार ओळखू येतात. तबकड्या अखंड फिरत असतात, त्याची एक संथ गुणगुण. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० कंपने. आणि माहिती शोधताना वाचक-शीर्षे धारण करणारा दांडा झटक्याने मागेपुढे होतो, त्याची खरखर, टकटक.

६/१० आता खरी गोम. तंबोऱ्याची तार भोपळ्यावाचून ताणून छेडली, तर जेमतेम ऐकू येते. नाद घुमतो तो भोपळ्यामुळे. डिस्क ही तार, आणि कॅबिनेटचा पातळ पत्रा हा भोपळा. चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली डिस्क आपले कंपन पत्र्याला देते आणि पत्रा ते खोलीभर पसरवतो. म्हणून उपाय डिस्कवर नव्हे, त्या दोहोंमधील जोडावर करायचा.

७/१० प्रथम मी डिस्कभोवती स्पंज कोंबला. आवाज दबला, पण तासाभरात डिस्क हात लावू न देण्याइतकी तापली. तो काढला. मग सीडी ड्राइव्हखालच्या ५.२५ इंची रिकाम्या खणात, शिवणकामाच्या दुकानातून आणलेल्या इलास्टिकवर ३.५ इंची डिस्क झोळीसारखी टांगली : पत्र्याला स्पर्श नाही, चहूबाजूंनी हवा खेळती. गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. (संगणक हलवताना मात्र ती काढून घट्ट बसवावी लागे.)

८/१० खरखरीसाठी निराळी युक्ती होती. त्या काळच्या अनेक डिस्कमध्ये ‘ऑटोमॅटिक अकूस्टिक मॅनेजमेंट’ ही सोय असे. तिचे मूल्य १२८ ठेवले की दांडा हळुवार हले, २५४ ठेवले की चपळाईने. शांततेची किंमत थोड्या संथपणाने चुकवायची. गुणगुणीवर मात्र तिचा काही परिणाम नसे.

९/१० गुणगुणीवरचा मोठा इलाज कारखान्यांनीच केला. जुन्या बॉल बेअरिंगमधील गोळ्या झिजल्या की किणकिणत. २००० नंतरच्या काही वर्षांत त्यांची जागा तेलाच्या पातळ थरावर फिरणाऱ्या द्रव-बेअरिंगने घेतली. त्यानंतर एसएसडी आली. तिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे हा प्रश्नच उरला नाही.

१०/१० राहिली आजीची गोष्ट. ‘शांत’ झालेल्या संगणकावर मी तिच्या आठवणी पुन्हा, स्वच्छ ध्वनिमुद्रित केल्या. काही महिन्यांनी डिस्क बंद पडली. झिजलेली डिस्क पुष्कळदा आवाज बदलून आधी इशारा देते. तिने दिला असला, तरी मी तो ऐकू येण्याची सोय ठेवली नव्हती. स्वच्छ नोंदींची दुसरी प्रत कोठेच नव्हती. सीडीवर उतरवलेल्या होत्या त्या पहिल्या, गुणगुणीच्या.

आजी आता नाही. ती सीडी लावली की ती संपाचे दिवस सांगू लागते : उसनवारी, गावी पाठवलेली मुले, बंद भोंगा. आणि तिच्या आवाजामागे माझी ‘गिरणी’ चालू असते. ती गुणगुण सॉफ्टवेअरने सहज गाळता येईल. मी गाळलेली नाही. तुमच्या घरी अशी मुद्रणे असतील, तर आजच त्यांची दुसरी प्रत काढा. सफाई नंतर करता येते.

#इतिहास #थ्रेड