आमच्या घरात गालिचा नाही

मु. पो. दिवाणाची मागची बाजू,
पुणे.

प्रिय भुंगेऱ्या,

मायन्यापाशीच अडले. 'अनेक आशीर्वाद' लिहायची सोय नाही. आशीर्वादावाचूनच तुझा वंश आमच्याकडे भरपूर वाढला आहे. 'प्रिय' लिहिलं आहे ते केवळ रीत म्हणून.

जग तुला गालिच्यातला भुंगेरा म्हणून ओळखतं. आमच्या घरात गालिचा कधीच नव्हता. सतरंज्या आहेत, पण त्या सुती, आणि त्यांना तू तोंड लावलं नाहीस. तू काय खाल्लंस ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं मुद्द्याला धरून होईल. लोकरीचा स्वेटर, तोही काखेत आणि गळ्यापाशी. धनगराकडून घेतलेली घोंगडी, घडीवर घडी. सासऱ्यांच्या पेटीतलं पट्ट्यांखालचं फेल्ट, ज्यामुळे पट्ट्या आता खटखट वाजतात. देवघरातली चवरी, जिचे केस आरतीच्या वेळी ताम्हनात गळू लागले. आणि मोरपिसं, ज्यांच्या नुसत्या काड्या उरल्या.

एवढं सगळं करून तू नामानिराळा. खिडकीच्या काचेवर दिसतोस तो वरईच्या दाण्याएवढा, पाठीवर पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी खवल्यांची नक्षी. पाहणाऱ्याला वाटावं, चुकून आत आला बिचारा, सोडा त्याला बाहेर. आणि खरंच, मोठेपणी तू फुलांतला मध आणि पराग खाऊन राहतोस, उजेडाकडे धावतोस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सगळा उच्छाद तुझ्या पोरांचा. मादी अंधाऱ्या कोपऱ्यात चाळीसेक अंडी घालते आणि तिचं काम संपतं. त्यातून निघालेल्या केसाळ, पट्टेदार, चारपाच मिलिमीटरच्या अळ्या पुढे महिनोन् महिने चरत राहतात. वाढताना त्या पुन्हा पुन्हा कात टाकतात, त्यामुळे कपाटाच्या तळाशी अळीपेक्षा तिच्या रिकाम्या कातीच जास्त सापडतात. कोषसुद्धा शेवटच्या कातीच्या आतच. नवा भुंगेरा तयार झाला तरी दिवसचे दिवस त्या जुन्या कातडीत दडून बसतो. वरून मेलेलं टरफल, आत जिवंत मुक्काम.

या अळ्यांच्या अंगावरचे केस हे आणखी एक प्रकरण. शेपटाकडच्या झुबक्यातल्या केसांची टोकं भाल्यासारखी असतात, ती सहज तुटतात आणि अंथरुणात मिसळतात. काहींच्या अंगावर त्याने पुरळ उठतं, मग घरोघरी ढेकणांचा संशय घेतला जातो आणि गाद्या औषधाने भिजवल्या जातात. तू तर चावतही नाहीस. ढेकणाच्या नावावर तू कित्येक घरांत निर्धास्त राहिला असशील.

तुझ्या पचनशक्तीचं मात्र कौतुक करायलाच हवं. लोकर, केस, पीस, शिंग, नख हे सगळं केराटिन. त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना अशा जखडलेल्या असतात की बहुतेक प्राण्यांच्या पोटात गेलं तरी ते जसंच्या तसं बाहेर पडतं. तुझ्या अळ्या मात्र ते बंध तोडतात. रेशीम हे वेगळं प्रथिन, तेही तुला चालतं. स्वच्छ धुतलेल्या लोकरीवर तुझं नीट भागत नाही, घामाची, तेलातुपाची, सांडलेल्या आमटीची जोड मिळाली की अळी जोमाने वाढते. स्वेटर काखेतच का खाल्लास, ते यावरून कळतं.

आणि परीक्षा किती अचूक! सासरे शिक्षक होते. निवृत्तीनंतर शाल-श्रीफळाचे सत्कार झाले, त्या शालींचा गठ्ठा माळ्यावर होता, घोंगडीला अगदी खेटून. त्यातल्या एकीलाही तू दात लावला नाहीस. उन्हात नेऊन नीट पाहिलं तेव्हा खात्री पटली की त्यांत लोकर औषधालाही नाही, सगळा कृत्रिम धागा. 'शुद्ध सिल्क' म्हणून घेतलेल्या दोन साड्याही अशाच सुखरूप निघाल्या. दुकानदाराने सांगितलं ते एक आणि तू सांगितलंस ते दुसरं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

तुझं घराणं जुनं आहे, हेही मान्य. स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात सान हुस्त इथे सापडलेल्या अंबरच्या खड्यांत तुझ्या कुळातल्या अळ्यांच्या काती मिळाल्या, आणि त्यांच्याभोवती डायनोसॉरची पिसं. २०२३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या खड्यांचं वय सुमारे साडेदहा कोटी वर्षं. म्हणजे डायनोसॉरची गळलेली पिसं साफ करण्याचं काम तेव्हापासून तुमच्याकडे आहे. आजही रानात तुम्ही तेच करता. मेलेल्या पक्ष्याचं, प्राण्याचं मांस मुंग्या, माश्या, जिवाणू संपवतात. कातडं, केस, पिसं उरतात ती तुमच्यासाठी. तुझे काही भाऊबंद तर संग्रहालयांत नोकरीला आहेत. हाडांचे सांगाडे जराही न दुखावता स्वच्छ करायचे असतील तेव्हा तिथे डर्मेस्टिस भुंगेऱ्यांच्या अळ्यांना कामाला लावतात. त्याच संग्रहालयांत टाचणीला लावलेले किडे आणि पेंढा भरलेले पक्षी तुझ्यापासून वाचवताना दुसऱ्या दालनातल्या लोकांची झोप उडते. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६१ साली तुझ्या एका भावाचं नावच 'म्युझिओरम' ठेवलं.

मग रान सोडून आमच्या चौथ्या मजल्यावर तू कशाला आलास? याचं उत्तर कपाटात शोधून मिळत नाही, ते खिडकीबाहेर आहे. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे आणि बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांची घरटी आहेत. पिसं, विष्ठा, फुटकी अंडी, एखादं मेलेलं पिल्लू. तुझ्या दृष्टीने ते भरलेलं कोठार. शहराने इमारतींना कोनाडे आणि डक्ट दिले, लोकांनी पुण्य म्हणून कबुतरांना दाणे टाकले, आणि तुम्हा सगळ्यांची राहण्याजेवण्याची सोय लागली. तिथून खिडकीची फट ओलांडली की आमचा दिवाण. ट्यूबलाइटच्या पेटीतले मेलेले किडे, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेल्या माश्या, फर्निचरखाली साचलेले आमचेच केस, हाही तुझा शिधा. घोंगडी तर फार पुढची गोष्ट, आधी तू आमच्या केरावर वाढलास.

उपाय सगळे करून झाले. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या, कडुलिंबाचा पाला पसरला, कापूर ठेवला. वासाने कपाट देवळासारखं झालं, पण घडीच्या आत खात बसलेली अळी वासाने मरत नाही. डांबरगोळ्यांचं म्हणशील तर नॅफ्थलिनची वाफ हवाबंद पेटीत दाट साचली तरच तुला मारते. आमच्या लाकडी कपाटाच्या फटींतून ती बाहेर जाते; तू आत राहतोस आणि डोकं आमचं दुखतं. शिवाय प्रत्येक साडीवाला बजावतो की जरीजवळ डांबरगोळी नको. आणि तान्ह्या बाळाचं दुपटं डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढून तसंच गुंडाळणं तर धोक्याचं. ज्या बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. त्या गोळ्या मी घराबाहेर काढल्या.

पेस्ट कंट्रोलवाला आला. त्याने भिंतीकडेने फवारा मारला, ओट्याखाली जेलचे ठिपके ठेवले आणि वर्षभराच्या कराराची पावती दिली. झुरळं गेली. तू दोन-तीन महिने दिसला नाहीस आणि मग खिडकीच्या काचेवर पुन्हा हजर. यात त्याचा दोष नाही. जेल तू खात नाहीस, आणि फवारा पडला जमिनीवर तेव्हा तू होतास घडीच्या पोटात, दिवाणाच्या प्लायच्या सांध्यात, डक्टमध्ये.

इथे मला तुझं खरं बळ कळलं. तुझं बळ संख्येत नाही, विषाला दाद न देण्यातही नाही. ते वेळेत आहे. तुझ्या कुळातल्या काही जाती अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत एक वर्ष घेतात, कधी दोन. अँथ्रेनस व्हर्बासी या जातीच्या अळ्या संशोधक ब्लेक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत वाढवल्या. बाहेरचा ऋतू कळू नये अशी व्यवस्था असूनही त्या जवळपास वर्षाच्या ठेक्यानेच कोषात गेल्या. ऋतू त्यांना बाहेरून कळवावा लागत नाही, त्यांच्या आतच एक पंचांग चालू असतं. तुझ्या चुलत घराण्यातल्या, ट्रोगोडर्मा वंशाच्या एका जातीची अळी उपाशी ठेवली तर कात टाकून उलटी लहान होत जाते आणि अन्न मिळालं की पुन्हा वाढते. संशोधक बेक यांनी हे १९७१ साली मांडलं. गव्हाच्या कोठारातला तुझा खापरा नावाचा भाऊ तर अन्नावाचून फटीत वर्षानुवर्षं काढतो. १९५३ साली कॅलिफोर्नियात तो सापडला, तेव्हा त्याला तिथून हुसकायला दहाहून अधिक वर्षं लागली.

तेव्हा आमचा करार एका वर्षाचा आणि तुझी पिढी दोन वर्षांची, हा सामना पहिल्यापासूनच विषम होता.

तुला तोडीस तोड असं एक पंचांग या घरात एकेकाळी होतं. घटस्थापनेच्या आधी सासूबाई दसरा काढायच्या. घरातली झाडून सारी अंथरुणं-पांघरुणं धुवायच्या, घोंगड्या झटकायच्या, भाद्रपदाच्या कडक उन्हात ट्रंका उघड्या टाकायच्या, रेशमी वस्त्रं सावलीत वारवून, घडी मोडून नव्या जागी घालायच्या. उन्हाळ्यात वाळवणं गच्चीवर गेली की त्यांच्या मागोमाग पुन्हा लोकरीचे कपडे. वर्षातून दोनदा तुझ्या पिढीच्या ऐन मध्यावर ऊन, झटका आणि नवी घडी. त्यांना तुझं नावही माहीत नव्हतं. वेखंडाला आम्ही ज्याचं श्रेय देत आलो ते त्यांच्या हातांचं होतं. पुढे त्या थकल्या, गच्चीला सोसायटीने कुलूप घातलं, मी नोकरीत गुंतले, आणि दसरा म्हणजे ऑनलाइन सेल झाला. तुझं पंचांग मात्र शाबूत राहिलं. आम्ही ज्या दिवशी आमचं पाळणं सोडलं त्या दिवसापासून हे घर तुझं झालं.

म्हणून आता विषाची भाषा बंद. पुढचं सगळं तारीखवार आहे, नीट ऐकून घे. डक्टमधली घरटी रिकामी झाली की ती काढायची, यंत्रामागे जाळी बसवायची. हे झाल्याखेरीज आतलं काही करण्यात अर्थ नाही. दिवाण दर महिन्याला ओढून मागची भिंत, प्लायचे सांधे, पेटीची खालची बाजू व्हॅक्यूमने साफ करायची आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर. स्वेटर आणि इतर लोकरीचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तपमानाला आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. ज्यांना उष्मा सोसतो, त्यांना ५५ अंशांच्या आसपास तासभर. कपडा धुतल्यावाचून ठेवणीत जाणार नाही. घामाचा एक डागसुद्धा तुला मिळणार नाही. खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीचे सापळे, त्यांवर किती जण अडकले ते दर पंधरवड्याला पाहायचं. आणि हे सगळं दोन वर्षं, एक दसराही न चुकवता. चवरी आणि मोरपिसांचं मी सोडून दिलं आहे, देवांनीही काही तक्रार केलेली नाही.

आता राहिली पैठणी. तिच्या काठालगत तू दोन भोकं पाडलीस, मुगाच्या डाळीएवढीसुद्धा नाहीत. रफूवाल्याने ती अशी बुजवली की मलाही शोधावी लागतात. लग्नात नेसले होते, मग नणंदेच्या लग्नात, आणि त्यानंतर 'पुढच्या मोठ्या कार्याला' म्हणून ती घडीत पडली. ते मोठं कार्य कुठलं, हे कुणी ठरवलं नव्हतं. तुला जी इतकी निवांत जागा सापडली, ती आम्ही जपून जपून तुझ्यासाठीच राखलेली होती. घडी जितकी जुनी तितका तू सुखी.

ते आता संपलं. येत्या गौरींना मी ती नेसणार आहे, दिवाळीच्या पाडव्याला नेसणार आहे, शेजारच्या साध्या डोहाळजेवणालाही नेसणार आहे. पुरणाचा हात लागेल, घाम येईल, काठ झिजेल. झिजू दे. विरायचीच असेल तर ती माझ्या अंगावर विरेल. तुझ्यासाठी घडीत राहणार नाही.

कळावे. लोभ नसावा.

तुझी नाइलाजाची घरमालकीण