दोन जोड

नगरच्या कापडबाजारात तीन पिढ्यांपासून पेढी चालविणाऱ्या एका कुटुंबाच्या दाराशी पादत्राणांची जी मांडणी आहे, तिच्यावरून घरातील माणसांची वये सांगता येतात. वरच्या फळीवर नातवंडांचे रंगीत, चिकटपट्टीचे बूट. तिच्याखाली मुलाचे पाच-सहा जोड, त्यांतील तीन पांढऱ्या तळाचे. सुनेच्या चपला निराळ्या खणात. सर्वांत खालची फळी बहुतेक रिकामीच असते. तिच्यावर कुटुंबप्रमुखांचे दोन जोड राहतात.

हे दोन जोड काटकसरीतून आलेले नाहीत. श्रावकाने रोज सकाळी धारावयाच्या चौदा नियमांत सचित्त, द्रव्य आणि विगई यांच्यामागोमाग चौथा नियम उपानहाचा येतो. आज पायात किती जोड घालावयाचे, त्याची ही मर्यादा. आईकडून आलेली ही सवय त्यांनी कधी मोडली नाही आणि मर्यादा दोनच्या पुढे कधी नेली नाही. एरवी त्यांना दोनही लागत नाहीत. पेढीवर गादीपाशी पादत्राणे उतरतात, स्थानकात उतरतात, घरी उतरतात, एखाद्या जुन्या ग्राहकाच्या घरी चहाला गेले तर तेथेही उतरतात. दिवसातून आठ-दहा वेळा काढाव्या-घालाव्या लागणाऱ्या वस्तूला नाडी कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून बारा महिने पायात एकच सँडल : रबरी तळाची, मागे पट्टा असलेली. हा मागचा पट्टा डॉक्टरांच्या आग्रहाचा. बारा वर्षांच्या मधुमेहाने पावलांची संवेदना मंदावली आहे. पायातून निसटलेली चपल त्यांना कधी कधी दोन पावले चालून गेल्यावर कळत असे.

दुसरा जोड समारंभाचा, आणि घोटाळा नेहमी त्याच जोडाने केला. थोरल्या मुलीच्या लग्नात घेतलेले काळे फॉर्मल बूट त्यांनी कापडात गुंडाळून, डब्यात घालून, कपाटाच्या वरच्या खणात जपले होते. सहा वर्षांनी मुलाच्या साखरपुड्याला ते बाहेर निघाले. वर नव्यासारखी झिलई होती. मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या फरशीवर मात्र त्यांच्या मागोमाग काळा चुरा सांडत गेला आणि व्याह्यांना सामोरे जाताना उजव्या पायाची टाच सुटून मागे राहिली. उरलेला समारंभ त्यांनी पायमोज्यांवर काढला. व्याही समंजस होते. त्यांनीही आपले बूट काढून ठेवले. पुढे समजले ते असे की, पॉलियुरेथेनचा तळ हवेतील ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून विरत जातो, मग तो पायात असो वा डब्यात. जपून ठेवल्याने त्याचे आयुष्य वाढत नाही. कापडाचे थान वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाला हे पटण्यास जड गेले.

यंदा मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न ठरले. त्याआधीच्या आठवड्यात, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून सगळे ओटीवर बसले असताना, मुलाने एक खोके पुढे ठेवले. सावेडीत त्याने स्वतःच्या हिमतीवर तयार कपड्यांचे दुकान काढले, त्याला वर्ष झाले होते. पहिल्या वर्षाच्या नफ्यातून साडेसात हजारांचे बूट त्याने वडिलांसाठी आणले होते.

"पप्पा, चामडे नाही हं. दुकानात दोनदा विचारून घेतले," तो म्हणाला.

बूट देखणे होते. काळे, निमुळते, पाच छिद्रांच्या नाडीचे. ज्याला ऑक्सफर्ड म्हणतात, त्या घडणीचे. या घडणीत नाडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुढच्या भागाच्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बूट पायावर बंद, एकसंध दिसतो. डर्बी या दुसऱ्या घडणीत त्याच पट्ट्या वरून शिवतात. बूट अधिक उघडतो आणि उंच किंवा सुजऱ्या पावलाला सोसतो. रुबाबात ऑक्सफर्ड वरचढ, सोयीत डर्बी.

वडिलांनी बूट उलटा केला. कापडाचा व्यापारी वस्तू हातात आली की आधी तिची किनार पाहतो. तळाशी एक लहान चिकटपत्र होते आणि त्यावर बुटाची तीन चित्रे : वरचा भाग, आतले अस्तर आणि तळ. प्रत्येकापुढे एक खूण. ही पद्धत १९९४ च्या युरोपीय निर्देशाने आली आणि आपल्याकडील दुकानांतही ती पुष्कळ जोडांवर आढळते. नुसता चौकट-आकार असेल तर कृत्रिम वा अन्य पदार्थ, विणीची जाळी असेल तर कापड, आणि पसरलेल्या कातड्याचा आकार असेल तर चामडे. त्या कातड्याच्या आत चौकट काढलेली असली, तरी ते वरून लेप दिलेले चामडेच असते. या जोडावर वरच्या भागापुढे चौकट होती, तळापुढे चौकट होती आणि अस्तरापुढे कातडे पसरलेले होते.

त्या वेळी ते काही बोलले नाहीत. नातवंडे बूट पाहण्यासाठी झोंबत होती. बोटे दाबतात एवढे सांगून हे प्रकरण मिटविता आले असते आणि कोणाला वाईट वाटले नसते. पण ज्या पेढीवर 'यात सूत किती आणि पॉलिएस्टर किती' हे ग्राहकाने न विचारता सांगण्याचा शिरस्ता आहे, तेथे वाढलेल्या माणसाला ते जमले नाही. रात्री त्यांनी मुलाला बोलावून चिकटपत्र दाखविले.

"अस्तर कोण पाहणार आहे, पप्पा?"

"मी पाहिले ना."

मुलगा काही न बोलता खोके उचलून गेला. दोन दिवस दोघांत व्यवहारापुरते बोलणे झाले. सूनबाईंनी मध्यस्थी करून पाहिली, तीही व्यर्थ. मुलाची चूक एवढीच की, विक्रेत्याने बोट दाखविले तेवढाच भाग त्याने चामडेविरहित मानला. बहुतेक ग्राहक इतकेच पाहतात. पट्टा आणि पाकीट घेतानाही हेच होते : वरून रेक्झिन, आतून कातडे.

रविवारी सायंकाळी मात्र तो आपणहून म्हणाला, "चला, बदलून आणू." सायंकाळ ही वेळ त्याने मुद्दाम निवडली होती काय, कोण जाणे. बूट घेण्यास ती योग्यच. दिवसभरात पाऊल थोडे फुगते. सकाळी बरोबर बसलेला जोड रात्रीच्या पंगतीपर्यंत करकचू लागतो.

दुकानातील तरुणाने चामडेविरहित जोडांची रांग मांडली. त्यांतील निम्मे पांढऱ्या तळाचे आणि जाड शिवणीचे होते. ते वडिलांनी स्वतःच बाजूला केले. हा विवेक त्यांना कोणी शिकविला नव्हता. तळ जितका पातळ आणि वरच्या रंगाशी मिळता, पृष्ठभाग जितका साधा, शिवण जितकी अदृश्य, तितका बूट समारंभाचा. जाड तळ, उठून दिसणारा धागा, दोन-तीन रंग आले की तो फिरावयाचा. फिरावयाच्या बुटात काही कमीपणा नाही. विहारात साधु-साध्वींना अनवाणी सोबत करून डांबरी रस्त्याने परत येताना त्याची किंमत कळते. परंतु हल्ली भारी शेरवानीखाली पांढऱ्या तळाचे बूट घालून वरपक्षाकडील मंडळी स्वागताला उभी राहतात, तेव्हा पाहुण्यांची नजर चेहऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खाली अडखळते.

"काका, लोफर चालेल का तुम्हाला?" त्या तरुणाने विचारले.

वडिलांनी मुलाकडे पाहिले. "चाळीस वर्षे सांभाळून राहिलो, आता या वयात घरात लोफर आणू?"

मुलगा हसला. दोन दिवसांत प्रथमच.

बिननाडीचा, साधा, काळा जोड निघाला. चिकटपत्रावर वर चौकट, आत जाळी, खाली चौकट. तळ रबराचा असल्याची खात्री करून घेतली. खरी अडचण पुढे होती. "दाबतो का?" या प्रश्नाला वडिलांपाशी विश्वसनीय उत्तर नव्हते, कारण बोटांना ते नीट कळतच नव्हते. मुलगा खाली बसला. वडिलांना उभे करून त्याने सर्वांत लांब बोटापुढे आपला अंगठा आडवा धरून जागा पाहिली. डावे पाऊल किंचित मोठे निघाले, म्हणून माप डाव्याचे धरले. मग त्याने बुटात हात घालून अस्तर बोटांनी सावकाश चाचपले. पहिल्या जोडात टाचेपाशी शिवणीची गाठ लागली. तो परत दिला. दुसराही परत दिला. तिसरा ठेवला. तीन हजारांच्या आत काम झाले. उरलेल्या रकमेचे रोख पैसे दुकानदार देईना, तेव्हा मुलाने स्वतःसाठी एक जोड घेतला. पांढऱ्या तळाचाच.

लग्नापूर्वीचे तीन दिवस नवे बूट रोज सायंकाळी अर्धा तास घरातल्या घरात वापरले गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोन जोड धारले. सकाळी सँडल, पेढी. दुपारी बँकेत मुलाच्या कर्जमर्यादेसाठी जामीनदार म्हणून सही होती, तेव्हा बूट घालणार होते. तेवढ्यात बाजारातील एका वृद्ध व्यापाऱ्याच्या निधनाचा निरोप आला. चार वाजता उठावणा. अशा प्रसंगासाठी त्यांचे जुने कॅनव्हासचे बूट माळ्यावर होते, पण तो तिसरा जोड झाला असता. बँकेतून ते घरी आले, बूट उतरविले आणि सँडल घालून उठावण्याला गेले. दुःखाच्या दारात झिलईदार बुटांपेक्षा झिजलेली सँडल शोभते. त्या दिवशी तर बाहेरच्या ढिगात ती ओळखूही आली नाही.

सायंकाळी कार्यालयात वधूच्या मैत्रिणींनी नवरदेवाची मोजडी पळविली, सौदा लांबला, वरातीत चालणे झाले, चार तास उभे राहणे झाले. टाच जागच्या जागी राहिली.

रात्री अकराला घरी आल्यावर ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे हात-आरसा मागितला. रोज झोपण्यापूर्वी तळपाय आरशात पाहून घ्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दिवाणखान्यातील दिवा मंद होता. मुलगा फोनचा उजेड घेऊन पायाशी बसला. त्याने आधी उजवे पाऊल पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मग डावे.

"टाचेला थोडे लाल आहे, पप्पा. फोड नाही."

"उद्या पुन्हा पाहू," ते म्हणाले.