आईचे पित्त

आमच्या घरात आईचे पित्त हे घरातल्या माणसासारखेच वावरत आले आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर मोरावळ्याची बरणी, खायचा सोडा, गुलाबी औषधाची बाटली आणि औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, एवढा त्याचा संसार. रात्री आई छाती चोळीत उठून बसली, की अण्णा कूस बदलीत म्हणत, “पित्त झालं असेल, गोळी घे.” आम्हा भावंडांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. आईला पित्त असायचेच!

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ते माझ्याही वाट्याला आले. वसतिगृहातले जागरण, रात्री अकराला मिसळ, वर दोन कप चहा आणि लगेच अंथरूण. मध्यरात्री घशाशी आंबट येऊन जाग आली, तेव्हा आता आपला ग्रंथ आटोपला असेच वाटले. सकाळी कॉलेजजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडीबरोबर वेळापत्रकही तपासले. “जेवतोस किती वाजता? आडवा किती वाजता होतोस?”

मग कागदाच्या पाठीवर त्यांनी अन्ननलिका आणि जठर काढून दाखवले. दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. जठरातले आम्ल म्हणजे प्रयोगशाळेतले हायड्रोक्लोरिक आम्लच. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ते दाखवून दिले. जठराला आतून चिकट अस्तराचे संरक्षण असते, अन्ननलिकेला तसे नसते. कडे सैल पडले, की आम्ल वर चढते आणि जळजळते. आपण त्याला पित्त म्हणतो. खरे पित्त यकृतात तयार होते. उभ्या माणसाचे आम्ल निदान खाली तरी उतरते; भरल्या पोटी आडवे झाल्यावर त्याला वाट मोकळीच. “गोळी देतो,” डॉक्टर म्हणाले, “पण गोळी आम्ल कमी करते, कडे घट्ट करीत नाही. झोपण्यापूर्वी तीन तास जेव, थोडे जेव, तळकट कमी कर, डाव्या कुशीवर झोप.” परीक्षा संपली, जागरणे थांबली, आणि महिन्याभरात माझी जळजळ गेली.

दिवाळीला घरी गेलो तो पुरता वैद्य होऊनच. आईला पथ्यांची यादी घडाघडा म्हणून दाखवली. ती हसली. म्हणाली, “अरे, तुमची जेवणं झाल्याशिवाय मी कशी जेवू?”

त्या रात्री प्रथमच मी आईचे जेवण पाहिले. अण्णा दुकानातून साडेनवाला आले. त्यांचे ताट, मग धाकट्याचे, मग माझे. आई पानावर बसली तेव्हा पावणेअकरा झाले होते. उरलेली भजी टाकायची कशी, म्हणून तीही तिनेच संपवली. लगेच वाकून ओटा पुसला, जमीन पुसली (भरल्या पोटी वाकले तरी आम्ल वर येते) आणि पहाटे पाचला उठायचे म्हणून तशीच आडवी झाली. संकष्टीला तर दिवसभर चहा आणि साबुदाणा, आणि चंद्रोदयानंतर जेवण. माझ्या यादीतली बहुतेक पथ्ये तिच्या हातात नव्हतीच. गोळी तिच्या हातात होती; कारण आमच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे, असे काही नाही ना, हे त्यांनी आधी विचारले. असते तर घरगुती उपायांवर थांबून चालले नसते. छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, घाम फुटला, तर ते पित्त समजून घरी बसायचे नाही, हेही बजावले. रोजची गोळी एकदम सोडली तर जळजळ उसळून येते, म्हणून ती हळूहळू कमी करायची ठरली. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली आम्ही दोन-दोन विटा ठेवल्या. नुसत्या उशा रचून भागत नाही. त्याने कमरेतच वाकायला होते.

विटा ठेवणे सोपे गेले. जेवणाची वेळ हलवणे अवघड! आईने आठाला मुलांबरोबर जेवावे आणि अण्णांनी आल्यावर आपले ताट आपण वाढून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे. पण घरात दोन दिवस अबोला होता. आजीने तर देवाकडे तोंड करून सुस्कारे टाकले. तिसऱ्या रात्री अण्णांनी काही न बोलता आमटीचे पातेले स्वतः गरम केले. थोडी उतू गेली.

पित्त अगदी गेले असे म्हणणार नाही. पाहुणे आले की आई पुन्हा शेवटीच बसते आणि त्या रात्री गोळी लागतेच. परवा धाकट्याचा फोन आला. अभ्यासाचे विचारायचे सोडून मी पहिला प्रश्न केला, “आई जेवली का?”

“केव्हाच!” तो म्हणाला. “आता अण्णा जेवताहेत. भात करपलाय म्हणतात.”