काकू, मान खाली!

गेल्या उन्हाळ्यात वार्षिक परीक्षेचे निकाल लावून झाले आणि आम्ही दोघी जावा पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नाव घालून आलो. आमचे वय 46, धाकटीचे 41. घरात सगळ्यांना गंमत वाटली. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, तेवढे वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारले, "महिलांची वेळ वेगळी आहे ना? मग जा."

गंमत म्हणून आम्ही निघालो नव्हतो. आदल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातला सातवीचा एक मुलगा मित्रांबरोबर मोशीकडे दगडखाणीत साचलेल्या पाण्यात उतरला आणि बुडाला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची अम्मी पुन्हा पुन्हा एवढेच विचारत होती, "आपा, उसको तैरना आता तो?" वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतो आहोत, पण त्या 'तो'च्या पुढचे वाक्य आम्हाला पुरे करता आले नाही. आमच्या दोन्ही मुलांनाही पोहता येत नव्हते, आणि ती सुट्टीत पवना धरणावर जायचे बेत करत होती.

मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, हे हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. पण ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी मुलींचे नाव तलावावर घातले अशी घरे मोजायला आम्हाला एका हाताची बोटे पुरतील. मुलांना तरी कुठे घालतो? 'पोरगा आपोआप शिकतो' म्हणतो, आणि मग ती खाणीत शिकायला जातात.

कपड्यांचा प्रश्न वाटला तेवढा मोठा निघाला नाही. सुती सलवार-कमीज पाणी पिऊन जड होते आणि पाय ओढते, ते नकोच. मनगटापासून घोट्यापर्यंत अंगभर येणारा नायलॉनचा पोशाख टोपीसह बाजारात मिळतो.

शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची. पहिले आठ दिवस तिने हात मारूच दिला नाही. पाठीवर निपचित पडा, दम खा, पाय खाली आणून उभ्या राहा, एवढेच. आम्हाला कंटाळा आला. तेव्हा ती म्हणाली, "काकू, दमल्यावर हेच कामी येतं. फ्रीस्टाइल नंतर."

नंतर फ्रीस्टाइल आले आणि आमची खरी फजिती सुरू झाली. पाच-सहा हात मारले की छाती भरून यायची, पाय तळाकडे जायचे. वयामुळे होत असेल अशी आम्ही मनाची समजूत घातली. त्यावर काठावरून रोज एकच हाक यायची, "काकू, मान खाली!" समोरची भिंत दिसत नाही म्हणून आम्ही डोके वर काढत होतो. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, तराजूच्या पारड्यांसारखेच. नजर सरळ खाली, तळाच्या फरशीवर ठेवली तेव्हा पाय आपसूक वर आले.

दुसरी चूक श्वासाची. तोंड पाण्यात गेले की आम्ही दम कोंडून धरायचो आणि बाहेर आलो की आधी सोडून मग घ्यायला बघायचो. तेवढ्या पळभरात दोन्ही कसे व्हावे? श्वास पाण्यातच सोडायचा, नाकातोंडाने, सावकाश, बुडबुडे काढत. मग खांदा वळतो तसे डोके कुशीवर वळवायचे, एक कान आणि एक गॉगल पाण्यातच ठेवायचा, घोटभर हवा घ्यायची आणि परत खाली. हे आम्ही घरी बादलीत तोंड घालून केले. धाकटा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो पुसायला लावला.

तिसरी चूक पायांची. आम्ही गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारत होतो, आणि दम त्यातच जात होता. त्या रात्री अब्बांना सांगितले तर ते हसले. "पेटकरसाहेबांनी पायांवर कुठे मारली शर्यत?" अब्बा टेल्कोत होते, आणि मुरलीकांत पेटकर हे नाव त्यांच्या तोंडी फार जुने. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाच्या पायांची ताकद गेली. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पोहून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोतच नोकरी केली. आमच्या मुलांना ते 2024 च्या 'चंदू चॅम्पियन'मुळे कळले.

तेव्हापासून आम्ही पाय नुसते तोल राखायला ठेवले: मांडीपासून, घोटे सैल, बारीक लाथा. लक्ष हातांवर दिले. हात खांद्याच्या समोर आत घालायचा, डोक्यापुढून पलीकडे नेऊन फुली करायची नाही. कोपर वर ठेवून तळवा आणि पुढचा हात मिळून पाणी मागे लोटायचे, थेट मांडीपर्यंत. आम्ही अर्ध्यातच हात उचलत होतो. एक हात समोर येईपर्यंत दुसरा पुढे ताणून ठेवायचा, हा सराव आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. घाई त्यानेच गेली. पंचवीस मीटरला आधी 41 हात लागायचे, रमजानच्या आधी 29 वर आलो.

एवढे आले म्हणून इंद्रायणीत उतरू का? नाही. तिथे तळ दिसत नाही, धरायला काठ नाही, पाण्याला ओढ असते. हे मुलांनाही बजावले. दोघेही आता आठवड्याला तीन दिवस तलावावर जातात. थोरला आमच्यापेक्षा वेगाने पोहतो आणि आमच्यापेक्षा लवकर दमतो, कारण मान वर.

या उन्हाळ्यात त्या मुलाची धाकटी बहीण आमच्याबरोबर येऊ लागली. पाचवीत आहे. तिची अम्मी पहिल्या दिवशी दाराबाहेरच बसून राहिली, तसबीह हातात. चौथ्या दिवशी ती आत आली आणि काठावर पायरीवर बसली. मुलगी भिंत धरून पाण्यात तोंड घालत होती. वर येऊन म्हणाली, "अम्मी, गिन!" आणि पुन्हा आत गेली. तिची अम्मी बुडबुडे मोजू लागली.